विहीर क्रमांक सतरा : स्वतः पाहिले नाही

“दोरी दे आठे. तू तठेच उभा ऱ्हाय, निंबाखाले.”

विहिरीचा मालक जेमतेम तिशीचा. मी बावन्न वर्षांचा. एरंडोल तालुक्यातल्या एका शेतातली विहीर, सकाळचे दहा वाजलेले. कठड्याजवळ जायच्या आधी त्याने माझं आडनाव विचारलं होतं. मी सांगितलं. आम्ही बौद्ध. आमच्याकडे आडनाव ऐकलं की माणसाला कळतं, आणि त्यालाही कळलं.

मी दोरी जमिनीवर ठेवली. हातात दिलेली त्याने घेतली नसती. निंबापर्यंत तेवीस पावलं झाली. त्याने दोरी आत सोडली आणि तिथूनच ओरडला, “बारा!”

बारा मीटर. बरोब्बर. मी पंचेचाळीस विहिरी मोजत होतो आणि पाणी असं पूर्ण आकड्यावर क्वचितच थांबतं. तरी मी वहीत १२ लिहिलं. शेजारी लिहिलं, ‘स्वतः पाहिले नाही’.

मी एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करतो. कापसाची गाडी काट्यावर येते, मी वजन लिहितो. सव्वीस वर्षं हेच. विहिरींचं काम कुणी सांगितलेलं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची, तीन गावांतल्या विहिरींत दोरी सोडायची, कठड्यापासून पाणी किती खोल आहे ते लिहायचं. बहुतेक शेतकरी चहा पाजायचे. काही जण पाजायचे, पण कप वेगळा असायचा. तेही मी मोजलं होतं. ते कुठे लिहिलं नाही.

हे आकडे मी इंटरनेटवरच्या एका चर्चेत टाकायचो. तिथे मला अक्कांनी आणलं. अक्का म्हणजे पिंपळनेरच्या निवृत्त शिक्षिका, धुळ्याला पाण्याच्या एका शिबिरात भेटलेल्या. त्यांनी समजावलं होतं, “भाऊ, हे कुण्या एका कंपनीचं नाही. ज्याला वाटेल त्याने आपला सर्व्हर चालवायचा. माझाही एक आहे, घरातल्या जुन्या संगणकावर. सगळे सर्व्हर एकमेकांना जोडलेले. इथलं लिहिलेलं तिथे दिसतं. मालक कुणी नाही.”

मालक कुणी नाही. हे वाक्य मी घरी बायकोला दोनदा सांगितलं.

पाण्याची चर्चा एका मोठ्या सर्व्हरवर चालायची, म्हणून मी तिथेच खातं उघडलं. टोपणनाव चालायचं. आडनाव कुणी विचारत नव्हतं. एकोणीस महिने कुणी विचारलं नाही. शिकलेली, मोठ्या शहरातली माणसं मला ‘काका’ म्हणायची, माझ्या तक्त्यावर वाद घालायची. फैजपूरकडचा एक केळीवाला रोज सकाळी लिहायचा, “काय भाऊ, आज पाणी काय म्हणतं?” मी काट्यावर बसून उत्तर द्यायचो. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेतरी नुसता माणूस म्हणून बसलो होतो. खोटं कशाला सांगू, त्या दिवसांत मी सुखी होतो.

मग चर्चेच्या मॉडरेटरने, म्हणजे काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवणाऱ्या माणसाने, सर्वांसमोर विचारलं, “विहीर क्र. १७ समोर प्रत्येक वेळी ‘स्वतः पाहिले नाही’ का? आकडेही सगळे पूर्णांकात. काका, पद्धतीत शिस्त हवी.”

खाली एकाने लिहिलं, “काका डोकावायला घाबरतात वाटतं!” हसरे चेहरे आले. चौदा.

मी काट्यावरून उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. आणि लिहिलं, “गुडघा दुखतो. कठड्यावर वाकता येत नाही.”

“एरंडोलचे ना तुम्ही? मग एरंडेल चोळा!”

मीही एक हसरा चेहरा पाठवला. पंधरावा माझा.

माझा गुडघा कधी दुखला नाही. बाकीच्या विहिरींवर मी वाकतच होतो. सतरा नंबर सोडून का दिली नाही, असं कुणी विचारेल. ती नाल्यावरची शेवटची विहीर. ती नसेल तर वरच्या विहिरींच्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. म्हणून दर खेपेला मी दोरी जमिनीवर ठेवत होतो आणि निंबाखाली उभा राहत होतो.

काही महिन्यांनी त्या लोकांनी सगळ्यांचे तक्ते एकत्र करून अहवाल काढला. दुपारी डबा उघडून मी तो मोबाइलवर वाचत होतो. माझ्या तक्त्याखाली बारीक अक्षरांत टीप होती. ‘विहीर क्र. १७ : निरीक्षकाच्या गुडघेदुखीमुळे प्रत्यक्ष वाचन नाही.’

मी डबा बंद केला. काट्यावर किलोभर वजन इकडचं तिकडे होऊ न दिलेला मी. माझ्या हातून गेलेली एकच खोटी नोंद, आणि तीच छापली गेली. त्या माणसाने मला विहिरीपासून तेवीस पावलं लांब ठेवलं होतं. कागदावरून त्याला सोडवला होता मी. माझ्याच शरीरावर दोष घेऊन.

पुढच्या सुट्टीला गेलो. त्याने हात जमिनीकडे केला, दोरी ठेव म्हणून. मी म्हणालो, “मी स्वतः बघेन. नाहीतर मोजणार नाही.”

“मंग नको मोजू. आमले काय फरक पडस?”

मी न मोजता परत आलो. त्या संध्याकाळी चर्चेत लिहिलं : ‘दुरुस्ती. माझा गुडघा ठीक आहे. सतरा नंबरचा मालक माझ्या जातीमुळे मला विहिरीजवळ येऊ देत नाही. तिथले सर्व आकडे त्याने ओरडून सांगितलेले आहेत, त्यांवर विसंबू नये. गुडघ्याचं मी खोटं लिहिलं होतं.’

वीस मिनिटांत ते काढून टाकलं गेलं. मॉडरेटरचा निरोप आला. “हा मंच भूजलाचा आहे. कृपया जात इथे आणू नका.”

मी आणली! मी उत्तर दिलं, “ही मोजणीतली चूक आहे आणि हे तिचं कारण आहे.” दुरुस्ती पुन्हा टाकली. त्यांनी पुन्हा काढली. तिसऱ्यांदा टाकली तेव्हा माझं खातंच बंद झालं.

मी अक्कांच्या सर्व्हरवर गेलो. तिथे माझ्यासकट नऊ जण. तिथून लिहिलं. सर्व्हर जोडलेले, तेव्हा मोठ्या सर्व्हरवर ते दिसलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी अक्कांच्या सर्व्हरशी जोडणीच तोडली. नऊच्या नऊ जणांचं लिहिणं तिथे दिसेनासं झालं. आमच्या गावांत याला वाळीत टाकणं म्हणतात. यांच्याकडे त्याला एक बटण आहे.

मी अक्कांना फोन केला. म्हटलं, “माझ्यापायी तुमचं सगळं तुटलं. मी निघतो.”

“आकडे तुम्हाला आवडतात म्हणून सांगते, भाऊ,” अक्का म्हणाल्या. “नऊपैकी दोघं गेली. सात राहिलो. आता तुम्ही जाऊन सहा करू नका.”

फैजपूरच्या केळीवाल्याचं खरं नाव मला माहीत नाही. मी रोज सकाळी वाट पाहिली. दोन महिने. जोडणी तुटली तरी अक्कांचं पान कुणालाही उघडून वाचता येतं, खातं काढून तिथे लिहिताही येतं, एवढं त्याला नक्की कळत होतं. त्याने ते उघडून मला एक ओळ लिहिली नाही. याचं दुःख मला त्या विहिरीवाल्यापेक्षा जास्त आहे, हेही लिहून ठेवतो.

तो अहवाल अजून तसाच आहे. माझे आकडे त्यांनी ठेवले, दुरुस्ती ठेवली नाही. गुडघ्याची टीप आहे. ती टीप आहे तोवर दर पंधरवड्याला मी अक्कांच्या सर्व्हरवर तीच दुरुस्ती नव्याने लिहिणार. वाचणारे सात असोत की दोन. टोपणनाव मी काढून टाकलं आहे. खाली आता माझं पूर्ण नाव असतं, आडनावासकट.