डबीखालची ओळ

दामूअण्णा गेले हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. त्यांच्या मुलाने फोन केला होता, पण माझ्या जुन्या नंबरावर. नवा नंबर अण्णांच्या वहीत घालायचा राहूनच गेला होता. काष्टीच्या बाजारात एकाने सहज विचारलं, "तुमच्या गिरनीचं हिशेबनीस वारलं म्हनं, तुमी न्हाई दिसलात?" हातातली पिशवी खाली ठेवून मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसलो. ज्या माणसाशी पन्नास वर्षं वाद घातले, त्यातले आठ महिने तर अबोला धरला, त्याला खांदा द्यायला मात्र पोचलो नाही... याचं वाईट वाटतं आणि ते वाटत राहणार.

सत्तरच्या आसपास आम्ही काही जणांनी काष्टीजवळ शेंगदाणा तेलाची गिरणी काढली. लिमिटेड कंपनी, शंभर रुपयांचा शेअर. गावोगाव चहा पीत हिंडून एक लाख रुपये जमवले. मी सगळ्यांत लहान डायरेक्टर, आणि त्या शब्दाची नशा मला चांगलीच चढली होती. अण्णा जामखेडकडचे, मॅट्रिक झालेले, आधी एका अडत दुकानात हिशेब लिहायचे. धोतर, काळी टोपी आणि हाताशी तंबाखूची पितळी डबी. मला ते 'डायरेक्टरसायेब' म्हणायचे. त्यात आदर किती आणि चेष्टा किती, हे मला कधीच कळलं नाही. डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्त आणायचे. मी पुण्याच्या हॉटेलांच्या गप्पा मारत ती निमूट खाऊन टाकायचो.

बहात्तरला पाऊस फिरकलाच नाही. शेंगाच नाहीत तर तेल काढायचं कशाचं? गिरणी बंद, बँकेचं व्याज चालू, अण्णांचा सात महिन्यांचा पगार थकलेला. मग आम्ही तोड काढली की नवे शेअर विकायचे. आलेल्या पैशातून आधी अण्णांचा पगार द्यायचा, असंही ठरलं आणि ते मीच त्यांना सांगितलं. ते नुसतं "बरं" म्हणाले. ताळेबंदाची मला काळजी नव्हती. दोन्ही बाजूंची बेरीज अडीच लाख, पैशाला पैसा जुळलेली. बेरीज जुळली म्हणजे कंपनी ठणठणीत, अशी माझी पक्की समजूत होती. डायरेक्टर होतो ना!

बाजाराच्या दिवशी गिरणीच्या पत्र्याखाली सभा भरली. माझी थोरली बहीण कमलआक्का श्रीगोंद्याकडे दिलेली. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. तिचे पाच शेअर आधीच होते. चारा संपला म्हणून त्याच सकाळी तिने बैलजोडी विकली होती, आणि ते सगळे पैसे कंपनीत घाल, असं तिला मीच सांगितलं होतं. रुमालात बांधलेले पैसे घेऊन ती अण्णांसमोर बसली. "अण्णा, घालू का? आमचा भाऊ म्हनतोय, बेरीज जुळलीय."

अण्णांनी ताळेबंदाचा कागद तिच्यापुढे सरकवला. डावीकडे लोकांचं भांडवल एक लाख, बँकेचं, व्यापाऱ्यांचं आणि थकलेल्या पगाराचं देणं दीड लाख. उजवीकडे जागा, यंत्रं, पडून राहिलेली पेंड, आणि सगळ्यांत खाली, त्याच रांगेत, आजवरचा तोटा एक लाख तीस हजार. तोटा असाच मालमत्तेच्या बाजूला मांडायची तेव्हा रीत होती, पतसंस्थांत अजूनही आहे. अण्णांनी तंबाखूची डबी उचलून त्या शेवटच्या ओळीवर ठेवली.

"ही वळ म्हंजी वस्तू न्हवं, आक्का. गेलेला पैसा हाय, त्यो कुनी इकत घेत न्हाई. ती झाकून वरचं बगा... माल एक लाख ईस हजाराचा, आन देनं दीड लाख."

आक्का शाळेची पायरी चढली नव्हती, पण बाजार करणारी बाई. "म्हंजी समदं इकलं तरी तीस हजार कमीच?"

"व्हय."

"मग आमचं लाख?"

"ते सरलं, आन वर तीस हजाराचा खड्डा. शेअरवाल्यांचं शून्याच्या बी खाली गेलंय."

आता आक्का घाबरली. रुमालाची गाठ सोडत म्हणाली, "मग माज्या वाट्याचा खड्डा किती ते सांगा. भरून टाकते. कुनाचं ठिवायचं न्हाई." मागे बसलेल्या दोघातिघांचे हातही कोपरीच्या खिशात गेले. अशी माणसं होती ती.

अण्णांनी पटकन त्या गाठीवर हात ठेवला. "खड्डा कंपनीचा हाय, तुमचा न्हाई. शेअरचं पैसं तुमी पुरं भरल्यात, त्येच्या फुडं तुमच्या दारात कुनी येनार न्हाई. पर आता ह्यात जे घालाल ते आदी खड्ड्यात जानार." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्यात पयला माजा पगार हाय."

एकही शेअर विकला गेला नाही. मी भर सभेत अण्णांना "खाल्ल्या घरचे वासे मोजता" म्हणालो आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं. पुढे गिरणीचा लिलाव झाला. त्यात जेमतेम बँकेचं भागलं, अण्णांच्या हाती पगारातलं निम्मंही आलं नाही. पुढच्या वर्षी पाऊस झाला आणि आक्काने त्याच रुमालातल्या पैशांनी नवी बैलजोडी घेतली. तिने पहिल्या बाजरीचं पोतं माझ्या घरी धाडलं, तेव्हा मला स्वतःची फार लाज वाटली. त्यातली पायली दोन पायली बाजरी घेऊन मी अण्णांकडे गेलो. ते जेवायला बसले होते. "बसा, डायरेक्टरसायेब," म्हणाले आणि ताटातली अर्धी भाकरी माझ्यापुढे केली. मी माफी मागायची जुळवाजुळव करत होतो, ते बाजरी कुठल्या रानातली हे विचारत राहिले.

परवा त्यांच्या घरी जाऊन आलो. वहिनी आता ऐंशीच्या पुढच्या. चहा झाल्यावर म्हणाल्या, "भावजी, ह्यांचं थोडं पैसं हायेत. एका पतसंस्थेत ठिवा म्हनत्यात. कागद आनून दिलाय, जरा बगता का?" मी चष्मा लावला आणि त्यांच्यामागून आतल्या खोलीत गेलो. खिडकीपाशी अण्णांची बैठक तशीच होती. बैठकीवर पतसंस्थेचा अहवाल उघडून ठेवलेला, आणि ताळेबंदाच्या उजव्या बाजूला, अगदी खाली, पितळी डबी.

"मला वाचता येत न्हाई," वहिनी म्हणाल्या. "पर ह्ये सांगायचं तशी ती खालची वळ झाकलीय म्या. तुमी वरचं तेवढं वाचून दावा."

मी डबी न हलवता वाचायला लागलो.