साहेबांची गरिबी

"आपण काय, गरीब माणसं." हे वाक्य म्हणताना ते शर्टाची कॉलर दोन बोटांत धरून पुढे करायचे, म्हणजे विरलेला काठ समोरच्याला नीट दिसावा. त्यांच्याकडे चांगले शर्ट नव्हते असं नाही. पण बाहेर पडताना ते हाच घालत.

तुमच्याही गल्लीत असा एखादा गरीब असेल. आमचे हे साहेब सरकारी खात्यातून वरच्या पदावर निवृत्त झालेले. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात, आमच्या शेजारी, त्यांचा दुमजली बंगला. मुलगा पुण्याला मोठ्या कंपनीत. दारात गाडी, बार्शी रोडला एक प्लॉट आणि अंगणात बोअर. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे इथे माणसाची ऐपत सोन्यावरून नाही, टाकीवरून ठरते. त्या हिशोबानं साहेब आमच्या सोसायटीतले सावकार होते.

पण त्यांची नजर कायम वर. मेव्हण्याचे पुण्यात दोन फ्लॅट आहेत, खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यानं फार्महाऊस बांधलं, ही दुःखं ते रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन सांगत. गाडीचा एसी चालू ठेवून काच खाली करायचे आणि भाजीवालीला म्हणायचे, "गरिबाला जरा कोथिंबीर घाल वरनं." गणपतीची वर्गणी मागायला आलेल्या पोरांसमोर एकदा महागाईवर इतकं कळवळून बोलले, की पोरं पावतीपुस्तक मिटून निघून गेली. जाताना त्यातल्या एकानं त्यांना नमस्कार केला.

त्यांच्याकडे धुण्याभांड्याला रुक्मिणबाई यायच्या. मूळच्या करमाळ्याकडच्या, आता आमच्या सोसायटीमागच्या नाल्यापलीकडे पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्या. साहेबांचं हे वाक्य त्या वर्षानुवर्षं ऐकत आल्या होत्या.

मग ती दिवाळी आली. निवडणूक जवळ होती, त्यामुळे आमच्या भागातल्या एका भावी नगरसेवकाला गोरगरिबांची आठवण झाली आणि शेजारच्या मैदानात मंडप पडला. रवा, साखर, तेल, उटणं, सगळं एका पिशवीत. पिशवीवर हात जोडलेला त्या नगरसेवकाचा फोटो. साहेब रांगेत जाऊन उभे राहिले.

"साहेब, तुम्ही इथं?" मी जाता जाता विचारलं.

"आपल्याच करातून येतं हो हे. आणि आपण काय, गरीब माणसं."

ऊन चढलं तशी रांग रेंगाळली. साहेबांच्या पुढेच रुक्मिणबाई होत्या. त्यांनी मागे वळून बघितलं, साहेबांच्या कपाळावरचा घाम बघितला आणि म्हणाल्या, "तुमी म्होरं व्हा की, सायेब. तुमाला उन्हाची सवं न्हाय." साहेब पुढे झाले. त्यांना पिशवी मिळाली आणि पिशव्या संपल्या. रुक्मिणबाई रिकाम्या हातानं परत गेल्या. साहेब तोपर्यंत घरी येऊन रवा बारीक आहे की जाड, हे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे चहाला बसलो होतो. साहेब पेपर वाचत होते. रुक्मिणबाई आल्या, त्यांनी पदराखालून डबा काढला आणि साहेबांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या वहिनींच्या हातात दिला. आत शेंगाचटणी आणि कडक भाकरी.

"हे कशाला गं?" वहिनींनी विचारलं.

रुक्मिणबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "काल सायेब रांगंत हुते. मला काय ठावं, इतकं अडलंय तुमचं. सायेब म्हणायचे तवा मला वाटायचं, मोठ्या माणसांची बोलायची रीत असंल."

"अगं, तसं काही नाही."

"लाजायचं न्हाय, बाई. आमी न्हाय का उभं ऱ्हात? ह्या म्हैन्याचा माझा पगार ऱ्हाऊ द्या. तुमचं जरा सुधारलं की मग द्या."

इतकी वर्षं साहेब गरिबी सांगत होते. आम्ही सगळे ती ऐकून चहा पीत होतो. पहिल्यांदाच कोणीतरी तिच्यावर विश्वास ठेवला होता. पेपर खाली आला. मग साहेब उठून आत गेले. भाकरी मात्र त्यांनी दुपारी खाल्ली, असं वहिनींनी नंतर सांगितलं. एकट्यानं बसून.

डबा रिकामा कसा परत करायचा म्हणून वहिनींनी त्यात लाडू भरले. "मीच देऊन येतो," साहेब म्हणाले, आणि सोबतीला मला घेतलं. नाला आमच्या घरांपासून हाकेच्या अंतरावर, पण पलीकडे आम्ही दोघंही कधी गेलो नव्हतो. खोली एवढीशी. पत्रा असा तापलेला, की दारातच घाम फुटला. बाहेर निळी पिंपं ओळीनं मांडलेली. रुक्मिणबाईंनी एका पिंपाचं झाकण काढून तांब्या काठोकाठ भरला आणि साहेबांपुढे धरला. शेजारणीनं चहासाठी साखर आणून दिली.

"इथं पाणी कधी येतं?" साहेबांनी विचारलं.

"टँकर येतो की."

"कधी?"

"आला म्हंजे येतो," रुक्मिणबाई म्हणाल्या आणि हसल्या.

त्याच रुक्मिणबाई रोज सकाळी साहेबांचं अंगण पाइप लावून धुवायच्या. गाडीसुद्धा. साहेबांनी तांब्या पूर्ण रिकामा केला, एक घोटही ठेवला नाही.

परत येताना ते नाल्याच्या काठावर थांबले. आपला बंगला त्यांनी या बाजूनं कधी पाहिला नव्हता. गच्चीवरच्या काळ्या टाक्या, झाडं, वरच्या मजल्याच्या बंद खिडक्या. "केवढं आहे हो हे," ते म्हणाले. दुसऱ्या कोणाचं घर बघून बोलावं, तसं.

महिना संपायच्या आत त्यांनी बोअरची एक लाइन काढून कंपाउंडबाहेर नळ बसवला. पहिले काही दिवस ते नळाशेजारी खुर्ची टाकून बसत. पाणी कसं सांडू नये, घागर कशी धरावी, यावर मार्गदर्शन चालायचं. शेवटी रुक्मिणबाईंनीच सांगितलं, "सायेब, तुमी आत बसा की. बायकांना भरता येत न्हाय तुमच्याम्होरं." साहेब खुर्ची घेऊन आत गेले. देणाऱ्यानं नजरेआड व्हायचं असतं, हे नोकरीत त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

सोसायटीत तर्क सुरू झाले. काहींच्या मते ते निवडणुकीला उभे राहणार होते. काहींच्या मते डॉक्टरांनी काहीतरी सांगितलं असावं. पुण्याहून मुलाचा फोन आला, "बाबा, एकदा सगळ्या टेस्ट करून घ्या." मग सोसायटीची बैठक भरली. अध्यक्ष भूजल पातळीवर बोलले. आपल्या बागेची कारंजी मात्र त्यांनी त्या पातळीत धरली नाहीत. सचिव म्हणाले, "आज नळावर येतात, उद्या घरात शिरतील."

"शिरू द्या," साहेब म्हणाले. "मी त्यांच्या घरात शिरून आलोय. त्यांनी चहा दिला."

नळ राहिला.

पुढच्या उन्हाळ्याआधी बार्शी रोडचा प्लॉट विकला गेला. त्या पैशांतून नाल्यापलीकडच्या कितीतरी घरांवरचे पत्रे उतरले आणि स्लॅब घातले गेले. साहेब स्वतः कुठे उद्घाटनाला गेले नाहीत. मी वहिनींना विचारलं, तुम्हाला चालतंय का हे. त्या म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून या माणसाचं रडणं ऐकतेय. आता रात्री गाढ झोपतात. प्लॉटनं कधी झोप दिली होती?"

माझ्या ओट्यावर ते येतच राहिले. आता सूर बदलला होता. मध्येच थांबून, जणू नुकतंच लक्षात आल्यासारखं म्हणायचे, "आपल्याकडं बरंच आहे हो." आणि माझ्या घराकडे सहज नजर टाकायचे. मी विषय बदलायचो.

गेल्या फाल्गुनात दुपारच्या झोपेत ते गेले. नाल्यापलीकडून एवढी माणसं आली, की सोसायटीचं फाटक उघडं ठेवावं लागलं. कोणी कोणाच्या घरात शिरलं नाही. रुक्मिणबाईंनी वहिनींना धरून बसवलं आणि घरात चूल पेटणार नव्हती म्हणून तीन दिवस जेवण आपल्याकडून आणलं. मग मुलगा वहिनींना पुण्याला घेऊन गेला.

नळ आता सोसायटीकडे आहे. अध्यक्षांनी तिथे काळ्या ग्रॅनाइटची पाटी लावून घेतली. वर 'सभासदांच्या औदार्यातून', खाली अख्ख्या कार्यकारिणीची नावं सोनेरी अक्षरांत. साहेबांचं नाव नाही. मी सचिवांना विचारलं, तर म्हणाले, "ते सभासद होते, कार्यकारिणीत नव्हते. नियम आहे."

परवा मी नळापाशी उभा होतो. एक म्हातारी घागर भरत होती, नाल्यापलीकडे नुकतीच लेकीकडे राहायला आलेली. तिनं पाटीकडे बोट दाखवलं. "काय लिवलंय ओ ह्यावर?"

"नावं आहेत. या सोसायटीतल्या लोकांची."

"बया. एवढ्या लोकांना पाणी कमी पडतंय व्हय?" तिनं घागर उचलून बाजूला घेतली आणि नळापुढची जागा मोकळी केली. "येऊ द्या की त्यास्नी. आमी जरा कडंला सरकू."