धुक्यात राखलेली जागा

विषय : संगणकावर तयार केलेल्या धुक्याने वारंवार प्रयत्न करूनही न जुमानल्याबाबत.
ठिकाण : प्रथम बारामती, नंतर पणदरे.
साक्षीदार : पुतणी शीतल, वहिनी व मांडवातली समस्त भावकी.

महोदय, मी खाली सही करणार, इंदापुरात तहसील कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. भूतखेत, भास असल्या गोष्टींना माझ्या लेखी कधीच थारा नव्हता, हे प्रथम नमूद करतो.

थोरले बंधू तात्या यांच्या वर्षश्राद्धाला पणदऱ्यातल्या मांडवात मोठ्या स्क्रीनवर व्हिडिओ लावायचा होता. तात्यांच्या फोटोला पहिली फुलं आपणच वाहणार, असं वहिनी वर्षभर सांगत होत्या. परंतु विधवेने पुढे येऊ नये ही भावकीची रीत, सबब त्यांना मागे बसवायचं मी ठरवलं.

धुक्यातून तात्या समोर यावेत, ही कल्पनाही माझीच. शीतल ही तात्यांची मुलगी. बारामतीत ग्राफिक्सची कामं करते. तिने धुक्याचे विरळ थर एकामागे एक ठेवले, मधोमध तात्यांचा फोटो, आणि कॅमेरा त्यातून आत नेला. धुकं अगदी खरं... फक्त तात्यांच्या खांद्याशी ते शिरेना. तिथे मोकळी जागा — डोक्यावर पदर घेतलेल्या बाईएवढी!

"अगं, बुजव ती!"

"काका, सकाळपासनं तेच करतीय. थरावर थर टाकलं, तितं धुकं टिकतच न्हाय. तुमी बसता का हितं?"

"फोटो कुठला हा?"

"माझ्या साखरपुड्यातला. शेजारी आई हुती. श्रद्धांजलीला एकट्याचा लागतो, म्हणून तिला कापली."

मी वैतागून आहे तसाच व्हिडिओ घ्यायला लावला.

मांडवात तो सुरू झाला. पुन्हा तीच जागा! बायकांतून वहिनी उठल्या, ओंजळीत फुलं घेऊन सरळ पुढे.

"वहिनी, मागं बसा!"

"भावजी, माझी जागा धरून ठेवलीया त्यांनी. तुमाला दिसंना व्हय?"

भावकीने सरकून वाट दिली. वहिनींनी फुलं वाहिली... आणि धुकं सावकाश येऊन ती जागा भरून गेलं.

तयार व्हिडिओत ऐनवेळी बदल होत नाही, असं शीतल शपथेवर सांगते. आता तोच कितीदाही लावा — धुकं सलग!

सबब विनंती की, जाणकारांनी लेखी खुलासा करावा. केवळ "मशीनची चूक" असं उत्तर देऊ नये. ते मी वहिनींना सांगून पाहिलं. वर्षात पहिल्यांदाच त्या हसल्या.