करंजाच्या शेंगा

डिझेल संपत चाललंय हे ऐकून चेहरा खुलतो असा माणूस मी उभ्या वऱ्हाडात एकच पाहिला, आमचे अकोटचे साडू. पेपरात तशी बातमी आली की ते पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवत. "अरबाच्या विहिरी आटून राहिल्या, मास्तर! आपल्या करंजाले कोन आटवते?" करंजाच्या तेलावर शेतातलं पाण्याचं इंजिन चालवायचं, हा त्यांचा ध्यास. माझ्या मुलाच्या लग्नात आहेराची म्हणून बायकोनं त्यांची पिशवी उघडली, तर आत शेंगा. वलगावजवळ एकदा एसटी पंक्चर झाली, तेव्हा त्यांनी निम्मे प्रवासी करंजाखाली वेचायला बसवले. कंडक्टर ओरडला, "ओ काका, गाडी सुटून राहिली ना!" हे म्हणाले, "सुटू दे. डिझेल संपलं की मलेच शोधत येशीन." त्या तेलाचा कडू वास त्यांच्या अंगात इतका मुरला होता की मेहुणी म्हणे, "यायले मी डोये झाकूनबी ओयखीन."

सहा वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्यांनी सारं गाव इंजिन पाहायला शेतावर बोलावलं. मी आदल्या दिवशीच अमरावतीहून गेलो होतो. थंडीनं तेल घट्ट झालेलं पाहिलं आणि माझा धीर सुटला. चारचौघांत त्यांचं हसं होऊ नये म्हणून, ते आंघोळीला गेले असताना, मी टाकीतलं तेल काढून डिझेल भरलं. इंजिन झकास सुरू झालं. टाळ्या पडल्या. तेवढ्यात गावच्या मिस्त्रीनं धुराचा वास घेतला, टाकीत बोट बुडवलं. "हे तं डिझेल हाय!"

लोक पोट धरून हसले. साडूंनी त्या गर्दीत फक्त माझ्याकडे पाहिलं. पोरांना चाळीस वर्षं खरं बोला म्हणून सांगणारा मी, मान खाली घालून उभा राहिलो. ते म्हणाले, "माह्याच हातानं चूक झाली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तेल चुलीवर कोमट करून टाकीत ओतलं. इंजिन तासभर चाललं, पाटाला पाणी आलं. पाहायला मी एकटाच होतो. गाव त्यांना अजून 'डिझेलबाबा' म्हणतं. म्हणून आज लिहितो आहे. डिझेल माझं होतं. त्यांचं तेल खरं होतं.

मागच्या महिन्यात आम्ही दोघं शेताच्या वाटेनं चाललो होतो. करंजाखालून ते रिकाम्या हातानं पुढे गेले. मला राहवलं नाही. मी वाकून शेंगा खिशात भरू लागलो. ते थांबले, मागे वळले आणि हळूच म्हणाले, "ओल्या नका घेऊ, मास्तर. वायलेल्या पाहा."