अप्पांना जेवता येईल असं हॉटेल: मारुंजी ते मुळशी

वाढदिवसाला काय हवं, असं मी आईला फोनवर विचारलं. तिला साठ वर्षं पूर्ण होणार होती. साडी नको म्हणाली, केक तर नकोच. "सगळे मिळून एकदा बाहेर जेवू," म्हणाली, आणि मी मुकाट्याने हो म्हटलं.

मुकाट्याने, कारण अप्पा. माझ्या वडिलांच्या जबड्याचं ऑपरेशन होऊन वर्ष होत आलंय. तंबाखू. रिपोर्ट आता चांगले आहेत, पण तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं. घास मऊ लागतो, तिखट अजिबात चालत नाही, जेवण संपायला तास लागतो आणि ओठाच्या कडेने थोडं सांडतं. लग्नाच्या पंगतीत लोकांनी पानावर हात आडवा धरला तरी जिलबी वाढणारा हा माणूस ऑपरेशननंतर कुणासमोर जेवलेला नाही. परभणीत ते स्वयंपाकघरात एकटे बसतात. आमच्याकडे आले की बेडरूममध्ये ताट घेऊन जातात.

मी आणि माझा नवरा संदीप पुण्याजवळ मारुंजीत राहायला येऊन फार दिवस झालेले नाहीत. आम्हाला इथलं ऑफिस माहीत आहे, किराणावाला माहीत आहे आणि ट्रॅफिक माहीत आहे. हॉटेलं फक्त मोबाइलवर पाहिलेली. म्हणून आईअप्पा यायच्या आधीच्या शनिवारी, आठवडाभराची झोप बाजूला ठेवून, आम्ही बाइकवर निघालो.

पहिलं हॉटेल हिंजवडीतलं. चकाचक, लिफ्ट, पार्किंग, सगळं होतं. मॅनेजर उत्साहाने म्हणाला, "मॅडम, बर्थडे असेल तर आमचा पूर्ण स्टाफ टेबलाभोवती येतो, गाणं, टाळ्या, फुल्ल धमाल!" संदीपने माझ्याकडे पाहिलं. आम्ही पाणी पिऊन बाहेर पडलो.

पुढे माण गावावरून घोटावड्याकडे. या रस्त्यावर कंपन्यांच्या बस आणि टेम्पो यांच्यामधून वाट काढावी लागते, मधूनच भाताची खाचरं लागतात, परत एक शेड, परत टेम्पो. ढाबे बरेच आहेत, पण जिथे थांबलो तिथे मटण, तर्री आणि लाल रस्सा. "बिनतिखट काही?" असं विचारलं की समोरचा माणूस काळजीने बघायचा. पिरंगुटला एका ठिकाणी जिने फार, दुसऱ्या ठिकाणी टेबलं इतकी चिकटून की शेजारच्याचा कोपर आपल्या ताटात. दुपारपर्यंत माझी पाठ बोलायला लागली होती.

पौडच्या पुढे शेवटी एक गार्डन रेस्टॉरंट सापडलं. झाडाखाली कोपऱ्यातलं टेबल, पाठ लोकांकडे करून बसता येईल असं. मी मॅनेजरला सगळं नीट सांगितलं. तो म्हणाला, "निश्चिंत या. कोपरा तुमचा." ॲडव्हान्स दिला आणि घरी येऊन जी झोपले ती संध्याकाळीच उठले.

पुढच्या रविवारी आम्ही चौघं भाड्याच्या गाडीने निघालो, गाडी संदीपच चालवत होता. एक सल्ला देते: रविवारी मुळशीकडे जायचं असेल तर सकाळी लवकर निघा. आम्ही अकराला निघालो आणि पिरंगुटच्या आधीच अडकलो. लोणावळ्याला जावं तशी गर्दी. अप्पा खिडकीबाहेर बघत होते. "कशाला करायलीस एवढं?" ते दोनदा म्हणाले. आईने नवी साडी नेसली होती.

पोचलो तर गेटपर्यंत गाण्याचा दणका. कुठल्याशा ऑफिसची पिकनिक आली होती. आमच्या कोपऱ्यात स्पीकर ठेवला होता.

"सर, मोठी पार्टी आहे, जरा ॲडजस्ट करा ना," मॅनेजर म्हणाला. "मध्ये टेबल देतो. एकदम सेंटरला."

संदीप भांडायला लागला. माझ्यात भांडायचीही ताकद उरली नव्हती. अप्पा गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली करून म्हणाले, "तुम्ही जेवून या. मी बसतो हितंच."

आई गेटपर्यंत पोचली होती. ती मागे वळली, गाडीत येऊन बसली आणि दार ओढून घेतलं. "वाढदिवस माझा आहे," ती म्हणाली. "मला हे हॉटेल नको. पुढं घ्या."

पुढे कुठे, हे कुणालाच माहीत नव्हतं. धरणाचं पाणी दिसायला लागलं. लोक फोटो काढत होते, आम्ही थांबलो नाही. सगळ्यांना भूक लागली होती. एका वळणानंतर पत्र्याची शेड दिसली, चार टेबलं, बाहेर चूल. जेवणाची वेळ टळून गेल्यामुळे एका टेबलावर दोन ट्रकवाले तेवढे होते. साठीच्या आसपासच्या बाई भांडी विसळत होत्या.

"जेवण हाय का?" संदीपने गावाकडच्या बोलीत विचारलं.

"भाकरी हाय, पिठलं हाय, वरण-भात हाय. कोंबडी संपली."

अप्पा या वेळी उतरले, पण भिंतीकडे तोंड करून बसले. बाईंनी पाण्याचे ग्लास ठेवले, त्यांच्याकडे सरळ बघितलं आणि विचारलं, "बाबा, तोंडाला काय झालंय?"

वर्षभर आम्ही नातेवाइकांना, शेजाऱ्यांना, सगळ्यांना हा प्रश्न विचारू दिला नव्हता. मी काहीतरी बोलणार, तेवढ्यात अप्पाच बोलले.

"ऑपरेशन झालंय. तंबाखूनं."

"लई खायचा?"

"लई."

"आमच्या ह्यांचं बी तेच. ऐकत न्हाईत." त्यांनी पदराला हात पुसले. "मंग तुमास्नी चावायला जमत नसंल. भात मऊच हाय, इंद्रायणीचा. बसा निवांत, मला कुटं जायाचंय?"

भात खरंच मऊ होता, बोटांना चिकटणारा, वासाचा. वरणात तिखट नव्हतं. अप्पांनी तूप मागून घेतलं. पहिले घास भिंतीकडे बघत गेले. मग त्यांना ठसका लागला, शितं शर्टवर सांडली, ट्रकवाल्यांनी वळून पाहिलं. मी उठणार होते, पण आईने टेबलाखालून माझा हात दाबून धरला. अप्पांनी रुमालाने तोंड पुसलं, शर्ट झटकला. मग खुर्ची आमच्याकडे सरकवली आणि म्हणाले, "भात वाढा की अजून."

ट्रकवाले आपल्या जेवणाकडे वळले. जग काही थांबलं नाही.

तिथे आम्ही किती वेळ बसलो ते माहीत नाही. चौघांच्या जेवणाला हिंजवडीतल्या एका थाळीहून फार जास्त पैसे पडले नाहीत. पाटी नाही, तिथे नेटवर्क नाही, बाथरूम शेजारच्या घरात आहे. वयस्कर माणसं बरोबर असतील तर पौडलाच सोय बघून घ्या. परतताना रस्ता जातानापेक्षाही वाईट होता. अप्पा घोरत होते आणि मीही डुलक्या घेत होते.

घरी आल्यावर मला सोफ्यावरून उठवेना. डोकं दुखत होतं, सोमवारची मीटिंग समोर दिसत होती. खरं सांगायचं तर ज्याचे फोटो टाकावेत असा वाढदिवस झालाच नाही. एकही फोटो काढला नाही. आणि अप्पांचं एकदम सगळं बदललं असंही नाही. संध्याकाळी दूध-पोळीची वाटी घेऊन ते परत आत गेले.

त्यांचं खाऊन झाल्यावर आई माझ्या शेजारी येऊन टेकली. मी म्हटलं, "सॉरी आई. धड काहीच झालं नाही."

"का गं? मला तर लई दिवसांनी गरम जेवायला मिळालं."

मला कळलं नाही. मग तिनेच सांगितलं, अगदी सहज. अप्पांचं जेवण होईपर्यंत ती दाराबाहेर थांबते, ठसका लागला तर ऐकू यावा म्हणून. ते उठले की मग ती बसते. रोज, दोन्ही वेळा.

"तोवर भाकरी वातड होऊन जाते," आई म्हणाली, आणि नवी साडी बदलायला उठली.