आमचा शुक्रवारचा रविवार

लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं की तू रविवारी पापड लाटशील आणि शुक्रवारी उपासना करशील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण वाशीला राहायला आलो तेव्हा आमचं मराठी चर्च खाडीपलीकडे होतं आणि यांच्या कारखान्याला सुट्टी शुक्रवारी. विजेच्या टंचाईमुळे कंपन्यांना सुट्टीचे वार वाटून दिलेले, त्याला कोण काय करणार? दोन महिने मी धुसफुसत काढले. मग एका शुक्रवारी सकाळी बाहेरच्या खोलीत चादर अंथरली, बायबल आणि गीतांचं पुस्तक मांडलं आणि जाहीर केलं, आजपासून आपला रविवार हाच.

नियम एकच. प्रत्येकाने कुणातरी एका माणसासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची. 'सर्वांना आशीर्वाद दे' म्हणून सुटका नाही.

मुलगी सहा वर्षांची असताना रजा काढून ईस्टरला नगरकडे सासरी गेलो. चर्च खचाखच भरलेलं. तेवढ्यात तिने खणखणीत आवाजात विचारलं, "आई, आज तर कंपनी चालू असते, मग आज उपासना कशी?"

पुढच्या बाकांवरची माणसं वळून बघायला लागली. सासूबाईंचा चेहरा उतरला. घरी आल्यावर जेवणं झाली तशा त्या म्हणाल्या, "जूनपासून पोरगी माझ्याकडं राहील. इथं शाळा आहे, संडे स्कूल आहे. तिकडं ती चर्चच्या मंडळीपासून तुटायची."

माझं डोकं फिरलं. तुटायची म्हणे! बाकावर बसून डुलक्या काढणारे कितीतरी मी त्याच सकाळी पाहिले होते.

"आई, आधी आमचा एक शुक्रवार बघा, मग न्या," मी म्हटलं.

मे महिन्यात त्या आल्या, पोरीचे कपडे न्यायला रिकामी ट्रंक घेऊन. शुक्रवारी चादर मुलीनेच अंथरली. शेजारची आगरी बाई नेहमीसारखी येऊन दारात बसली. तिला आमची गाणी आवडायची. गाणं झालं, वाचन झालं. मुलीने डोळे मिटले.

"देवा, आजीचे गुडघे बरे कर. चर्चच्या पायऱ्या चढताना तिला खूप दुखतं."

आमेन म्हणून होताच सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू पढवलंस ना?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारीण म्हणाली, "नाय वो आजी. ही दर शुक्रवारी तुमच्याच गुडघ्यांचं सांगते. मना पन पाठ झालंय."

सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. पोरीला न्यायचा विषय पुन्हा काढला नाही. निघताना ट्रंक मात्र रिकामी गेली नाही. मी रविवारी लाटलेले पापड त्यांनी मोजून मापून नीट भरून घेतले आणि पोरीला कडेवर घेऊन दारापर्यंत आल्या, गुडघे दुखत असूनही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, वाशीतलीच, दुपारची. त्याच आठवड्यात त्यांचं कार्ड आलं. 'गुडघे तसेच आहेत. शुक्रवारी सकाळी चूल आवरून मीही चादर टाकते. तुम्ही किती वाजता बसता ते कळव, म्हणजे सगळे एकाच वेळी बसू.'

मी उलट टपाली लिहिलं, साडेआठ.