मामाचं वल्हं

माझ्या हनुवटीखाली एक आडवा व्रण आहे. कुणी विचारलं तर मी "जिन्यावरून पडले" एवढंच सांगते. पुढचा प्रश्न येत नाही, आणि मला तेच हवं असतं.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये मागच्या पाण्याच्या टाकीपाशी कुणीतरी दिसतं म्हणून मुली किंचाळत पळायच्या, तेव्हा मी मुद्दाम तिथे बसून डबा खायचे... तेवढाच एकांत. त्यामुळे हे वाचून कुणी हसलं तर माझी हरकत नाही. मीही हसले असते.

मालगुंडच्या मागचा डोंगर उतरला की खाडीचा एक फाटा लागतो. तिथे माझ्या आईचं माहेर. गावाचं नाव लिहीत नाही, कारण मामी अजून तिथेच राहते. मामा थोडी भातशेती करायचा आणि गावची तर चालवायचा, म्हणजे लोकांना होडीने पलीकडे सोडायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. मे महिन्यात मी मुंबईहून जायचे, तेव्हा मला वल्हवायला त्यानेच शिकवलं. मामा अबोल, मीही अबोल. आमचं छान जमायचं. माझं चुकलं तर तो ओरडायचा नाही. स्वतःच्या वल्ह्याच्या दांड्याने मनगटावर टोला द्यायचा. चांगला वळ उठायचा.

तिथल्या तरवाल्यांच्या घरात एक रीत आहे. माणूस गेला की त्याचं वल्हं वर्षभर पडवीत टांगून ठेवतात, पाण्याला लावत नाहीत. वर्षश्राद्ध झालं की त्याने ज्याला शेवटचं शिकवलं असेल त्याने ते होडीत घालून, एकट्यानेच, खाडीतून वर न्यायचं. वाटेत पाणी चाखत जायचं. खारटपणा संपून गोडं पाणी लागलं की तिथे ते सोडून द्यायचं. मग माणूस मोकळा होतो म्हणे.

मामाने शेवटचं मला शिकवलं होतं.

त्र्याऐंशी सालचा ऑक्टोबर. भात कापणीला आलं होतं, पण हत्तीचा पाऊस जायचं नाव घेत नव्हता. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारी घाटाकडून काळोख, असं रोज चाललेलं. पण मामाचं वर्षश्राद्ध झालं होतं, आणि सुट्टी संपून माझं कॉलेज सुरू होणार होतं. भरती अर्धी वर आल्यावर मी होडी सोडली. मामीने मामाचं वल्हं नव्या पंच्यात गुंडाळून माझ्या पायाशी ठेवलं.

मामाचा चुलतभाऊ गणूकाका काठावर विडी ओढत उभा होता. "इंग्रजी शाळेतली बाय ही! चाखता चाखता खाडी संपवू नको गो, आमाला मासं धरायचे हायत!"

"गप ऱ्हवा तुमी भावजी," मामी म्हणाली. मग माझ्याकडे वळून हळूच, "ढग वर आला तर काठ धर. पन ह्ये माघारी आनू नको गो बाय. ते अडकून ऱ्हातील."

मी मान हलवली. एवढंच मला करायचं होतं, आणि मामासाठी मला ते नीट करायचं होतं.

पहिला तास-दीड तास भरतीनेच मला वर नेलं. दोन्ही काठांना कांदळाची झाडं, त्यांच्या मागे जंगल उभं चढत गेलेलं. घर नाही, शेत नाही, माणूस नाही. मधूनच एखादा खंड्या निळा चमकून जायचा. मी ओंजळीने पाणी चाखायचे — खारट. पुढच्या वळणावर — खारट. मला फार बरं वाटत होतं, हे लिहायला थोडी लाज वाटते.

मग कांदळ संपलं, जांभ्या दगडाच्या दरडी सुरू झाल्या, आणि वारा एकदम पडला. डोंगरामागून ढग आला तो हळूहळू नाही, झाकण लावल्यासारखा. पहिली वीज समोरच्या कड्यावर पडली. तिचा आवाज कानात नाही, दातांत जाणवला. पाठोपाठ वारा आला आणि त्याने होडी आडवी केली. पाऊस इतका जाड होता की होडीचं टोक मला दिसेना. वरून लोंढा आला, लालभडक, मुळांसकट उपटलेली झुडपं घेऊन. एक ओंडका होडीवर आदळला, माझं वल्हं त्याच्या फांद्यांत अडकलं आणि हातातून हिसकावून गेलं. क्षणात दिसेनासं झालं.

मी पंचा फाडून मामाचं वल्हं काढलं. काढलं नसतं तर बुडाले असते.

माझ्या डोक्यात एकच विचार होता... आणखी थोडंसंच वर, तिथे गोडं पाणी असेल, मग हे टाकून जीव वाचवू. मी होडीचं तोंड वरच्या बाजूला धरून पहिला हात मारला, आणि वल्हं फिरलं. दांडा खालून उसळून माझ्या हनुवटीवर बसला. तोंडात रक्त आलं. प्रवाहाने उलटलं असेल, म्हणून मी पुन्हा मारलं. या वेळी मनगटावर. नेमका हाडावर, वरून खाली. पाण्याने उलटलेलं वल्हं वरून खाली कसं मारेल?

मी ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. इंग्रजीत शिव्या दिल्या असाव्यात. आयुष्यात पहिल्यांदाच.

मामी म्हणाली होती काठ धर. डावीकडे दरडीला एक खोबण होती, वर झाडं झुकलेली, खाली पाणी जरा शांत. मी तिकडे वळायला गेले. टोला, खांद्यावर. पुन्हा वळले. टोला, बोटांवर. करंगळी तिथेच वाकडी झाली. मी रडत होते, ओरडत होते आणि त्या दांड्याशी झोंबत होते. मला तेव्हा पाण्याची नाही, त्या लाकडाची भीती वाटत होती. ते माझ्या हातात नव्हतं. मीच त्याच्या हातात होते.

आणि मग ती दरड कोसळली. झाडांसकट, दगडांसकट, अख्खी खोबण खाली आली. लाटेने होडी उचलली, फिरवली आणि अर्धी भरून टाकली. होडी थांबली तेव्हा तिचं तोंड घराकडे होतं.

मी घाबरून सवयीने एक हात मारला. वल्हं गुमान पाण्यात गेलं.

त्यानंतर एकही टोला बसला नाही. ओहोटी लागली होती, लोंढाही त्याच दिशेने. मी फक्त दांडा धरून बसले होते. वळणं आली की वल्हं वळायचं. मी वळवत नव्हते, हे शपथेवर सांगते. माझ्या बोटांत तेवढी ताकदच उरली नव्हती.

धक्क्याच्या पायऱ्यांवर मामी आणि गणूकाका पावसात उभे होते. मला बघून मामी धावत पाण्यात उतरली, आणि तिची नजर माझ्या हातातल्या वल्ह्यावर गेली. तिने खाड्कन माझ्या थोबाडीत मारली.

"माघारी आनलंस? सांगितलं होतं ना तुला! सांगितलं होतं ना!"

मग तिला रक्त दिसलं. मग मनगट. त्यावरचे वळ तिला ओळखीचे होते, मे महिन्यात तीच त्यांना तेल लावायची. तिने माझ्याकडून वल्हं ओढून घेतलं आणि थबकली.

वल्हं भिजून काळं पडलं होतं, टोकापासून पात्यापर्यंत. पण माझी पकड होती तिच्या वर, दांड्यावर दोन ठिकाणी लाकूड कोरडं होतं. फिकट, खडखडीत कोरडं. प्रत्येक पट्टा एका रुंद तळहाताएवढा. माझे हात तेवढे रुंद नाहीत.

"तेल लावलंय तिथं, पानी धरलं नाय," गणूकाका पुटपुटला. पण उंडीचं तेल त्यानेच आदल्या दिवशी अख्ख्या वल्ह्याला चोळलं होतं, आणि त्याची विडी हातातच विझली होती.

मामीने आपला तळहात त्या वरच्या कोरड्या जागेवर ठेवला, आणि दुसऱ्या हाताने डोक्यावरचा पदर काढून तिथे गुंडाळला, पाऊस लागू नये म्हणून. ती स्वतः चिंब भिजत तशीच उभी राहिली. मी तिला घरात चल म्हटलं नाही.

वल्हं पुन्हा पडवीत टांगलं गेलं. ते आजही तिथेच आहे. ते वर नेऊन सोडायचा विषय मामीने परत काढला नाही. गावात म्हणतात, मामाने भाचीला दरडीतून वाचवलं. आईही तेच म्हणते. मी मान हलवते.

पण ज्यांना खरंच विचार करायचा आहे त्यांच्यासाठी हे लिहिते, कारण मला स्वतःला याचा उलगडा झालेला नाही. पहिला टोला, हा हनुवटीचा, बसला तेव्हा मी काठाकडे वळलेही नव्हते. दरडीशी त्याचा काही संबंध नव्हता. मी फक्त गोड्या पाण्याकडे निघाले होते, त्याला सोडायला.